मुक्या जलचराचें दुखणें

गाय आजारी पडली म्हणजे रवंथ करणें सोडते, कुत्रा कोपऱ्यांत जाऊन पडून राहतो, पोपट पिसें फुगवून बसतो. आणि घरांतील जाणत्या माणसास तेवढ्यावरून कळतें कीं, कांहीं तरी बिघडलें आहे. या प्राण्यांचा सहवास आपणांस पिढ्यान्‌पिढ्या घडलेला आहे. परंतु अलीकडे शहरांतील कांहीं घरांतून असेहि प्राणी दिसूं लागले आहेत कीं, ज्यांच्याविषयीं आपल्या आजीआजोबांपाशीं कसलाच अनुभव सांठलेला नाहीं. ॲक्सोलॉटल हा त्यांपैकींच एक होय. तो ओरडत नाहीं, विव्हळत नाहीं, डोळेहि मिटत नाहीं. कारण त्यास पापण्याच नसतात. मग त्याचें दुखणें ओळखावें तरी कसें, आणि ओळखल्यावर करावें काय, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

हा प्राणी कोण?

ॲक्सोलॉटल हा मूळचा मेक्सिको देशाचा रहिवासी. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को व चाल्को अशीं दोन सरोवरें होतीं. तेंच याचें मूळ घर. चाल्को सरोवर पुढें बहुतेक आटविण्यांत आलें, आणि सोचिमिल्कोचें आतां कालवे व लहान तळीं एवढेंच रूप उरलें आहे. तेथील जुन्या आझ्टेक लोकांच्या पुराणांत शोलोत्ल नांवाचा एक देव आहे. बळी जाण्याच्या भयानें तो पळाला. प्रथम मक्याचें ताट झाला, मग घायपातीचें रोप झाला, आणि शेवटीं पाण्यांत शिरून हा प्राणी झाला, अशी कथा आहे. त्या देवाच्या नांवावरूनच या प्राण्याचें नांव पडलें, असें सांगतात.

शास्त्रदृष्ट्या हा उभयचर वर्गांतील, म्हणजे बेडकाच्या गोतांतला. बेडकाचें पिलूं पाण्यांत जन्मतें, वाढतां वाढतां त्याचे कल्ले व शेपूट नाहींशीं होतात, आणि तें जमिनीवर येतें. ॲक्सोलॉटल मात्र सहसा जन्मभर बाल्यावस्थेंतच राहतो. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे तीन-तीन कल्ले बाहेर आलेले असतात; ते कायम राहतात, आणि त्याच अवस्थेंत त्यास प्रजा होते. पूर्ण वाढलेला प्राणी सुमारें २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, लांब असतो. नीट निगा राखिली तर तो दहा ते पंधरा वर्षें जगतो.

१८६४ सालीं मेक्सिकोहून ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिस शहरीं आणले गेले. त्यांतील सहा तेथील प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांस मिळाले. पुढच्याच वर्षीं त्यांना पिलें झालीं, आणि त्यांपैकीं कांहीं पिलांनीं कल्ले टाकून स्थलचराचें रूप घेतलें, तेव्हां विद्वानांस मोठें नवल वाटलें. आज प्रयोगशाळांतून व घरांतून जे ॲक्सोलॉटल पाळले जातात, त्यांतील पुष्कळांचा वंश पॅरिसच्या त्या प्राण्यांपर्यंत जाऊन पोहोंचतो. मूळ घरीं मात्र त्यांची दैना झाली. शहराचें सांडपाणी कालव्यांत उतरलें. विसाव्या शतकांत खाण्यासाठीं म्हणून सोडलेल्या कार्प व तिलापिया या परक्या माशांनीं अंडीं व पिलें फस्त केलीं. १९९८ सालच्या पाहणींत सोचिमिल्को येथें दर चौरस किलोमीटरास सुमारें ६,००० प्राणी असल्याचा अंदाज निघाला होता. २०१४ सालच्या पाहणींत तो अंदाज अवघ्या ३६ वर आला. मेक्सिकोनें २०२१ सालीं काढलेल्या ५० पेसोंच्या नोटेवर याचें चित्र छापलें. परंतु चित्र नोटेवर आल्यानें प्राणी पाण्यांत परत येत नाहीं.

याची एक कीर्ति सर्वत्र झाली आहे. याचा पाय तुटला तर हाड, स्नायु व बोटें यांसह नवा पाय फुटतो. शेपटी, कल्ले इतकेंच काय, हृदयाचा व मेंदूचा कांहीं भागहि पुन्हां भरून येतो. यामुळें पुष्कळांची समजूत होते कीं, एवढ्या चिवट प्राण्यास काय होणार? ही समजूत घातक आहे. तुटलेला पाय नवा करणारा हा जीव दोन दिवसांच्या दूषित पाण्यानें मरूं शकतो. जखम भरून काढण्याची शक्ति निराळी आणि विषास तोंड देण्याची शक्ति निराळी. आमच्या या लेखाचें सारें सार येथेंच आहे: या प्राण्याच्या दुखण्याचें मूळ बहुधा त्याच्या शरीरांत नसून त्याच्या पाण्यांत असतें.

निरोगी प्राण्याची ओळख

रोग ओळखूं इच्छिणाऱ्यानें आधीं आरोग्य ओळखण्यास शिकावें. निरोगी ॲक्सोलॉटल बहुतेक वेळ तळाशीं शांत बसून असतो. हें त्याचें आळशीपण नव्हे, स्वभाव आहे. त्याचे कल्ले दाट झालरीचे व किंचित् मागें झुकलेले असतात. मधून मधून तो ते झटकतो. क्वचित् पृष्ठभागापाशीं येऊन हवेचा एक घोट घेतो व पुन्हां खालीं जातो. पोटाची रुंदी साधारणतः डोक्याच्या रुंदीएवढी असते. शेपटी सरळ व त्वचा नितळ असते. गांडूळ समोर धरलें कीं, तो एकदम तोंड उघडून पाण्यासकट तें आंत ओढून घेतो. मोठ्या प्राण्यास दोन-तीन दिवसांतून एकदां खाणें पुरतें. म्हणून एक दिवस त्यानें तोंड फिरविलें तर घाबरण्याचें कारण नाहीं.

दुखण्याचीं चिन्हें

आतां दुखण्याचीं चिन्हें क्रमानें पाहूं. क्रम लावण्याचें कारण असें कीं, पहिलीं चिन्हें सौम्य असतात व त्याच वेळीं उपाय सोपा असतो.

पहिलें चिन्ह कल्ल्यांचें. कल्ले पुढच्या बाजूस वळलेले राहिले, तर पाणी त्यास मानवत नाहीं असें समजावें. पाण्याचा प्रवाह फार जोराचा असला तरीहि असें होतें. तेव्हां प्रथम फिल्टरचा झोत पाहावा.

दुसरें चिन्ह शेपटीचें. शेपटीचें टोंक आंकड्याप्रमाणें वळून राहिलें, तर प्राणी त्रस्त आहे.

तिसरें चिन्ह भुकेचें. सवयीच्या दिवशीं दिलेलें खाणें त्यानें लागोपाठ दोन-तीन वेळां नाकारलें, किंवा तोंडांत घेऊन टाकून दिलें, तर कारण शोधलेंच पाहिजे.

चौथें चिन्ह हालचालीचें. एरवीं शांत असणारा प्राणी सैरावैरा पोहूं लागला, कांचेवर आपटूं लागला, मागच्या पायानें कल्ले खाजवूं लागला, अथवा वारंवार वर येऊन हवा घेऊं लागला, तर त्यास पाण्यांत श्वास घेणें कठीण होत आहे किंवा पाणी झोंबत आहे.

पांचवें चिन्ह तरंगण्याचें. यांत मात्र विवेक हवा. पोटांत हवा गेल्यामुळें तो थोडा वेळ तरंगतो. आपल्या इच्छेनें खालीं जातां येत असेल तर तें दुखणें नव्हे. मागचा भाग वर उचलला जाऊन प्रयत्न करूनहि तळ गांठतां येत नसेल, तर तें चिंतेचें लक्षण होय.

सहावें चिन्ह त्वचेचें. कल्ल्यांवर अथवा जखमेवर कापसासारखे पांढरे झुपके दिसले तर ती पाण्यांतील बुरशी असते. पायांवर, पोटावर तांबडे डाग अथवा रेघा दिसल्या, पोट ढोलासारखें फुगलें, किंवा त्वचा सोलूं लागली, तर जंतूंचा संसर्ग शरीरांत पसरत असण्याचा संभव असतो. येथें घरगुती उपायांत वेळ घालवूं नये.

एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. कल्ले व शेपटीवरील पातळ पडदा हळूहळू आखूड होत जाऊन डोळ्यांस पापण्या येऊं लागल्या, तर क्वचित् तें स्थलचर होण्याचें रूपांतर असूं शकतें. अशा प्राण्यास पाण्याबाहेर येण्यास जागा हवी, नाहीं तर तो बुडेल. परंतु नुसते कल्ले झडत असतील तर रूपांतराचा तर्क न करितां पाणीच तपासावें.

पाण्याची परीक्षा

आतां दुखण्याच्या मुळाकडे वळूं. प्राण्याच्या मलमूत्रापासून व न खाल्लेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया तयार होतो. तो कल्ल्यांस व त्वचेस जाळतो. निसर्गांत, तसेंच जुन्या मुरलेल्या टांकींतहि, एका जातीचे जीवाणु या अमोनियाचें नायट्राइट करितात, तेंहि विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणु त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. तें बरेंच सौम्य, व थोडें थोडें पाणी बदलून काढून टाकतां येतें. हे उपकारी जीवाणु फिल्टरच्या स्पंजांत व तळाच्या वाळूंत वस्ती करून असतात. नव्या टांकींत त्यांची वस्ती वाढण्यास पुष्कळ आठवडे लागतात. दुकानांतून टांकी व प्राणी एकाच दिवशीं घरीं आणणारा मनुष्य त्या प्राण्यास नकळत विषांत सोडतो.

पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसलें म्हणजे तें निर्दोष असतें असें नाहीं. अमोनियास रंग नाहीं. यासाठीं मासे विकणाऱ्यांच्या दुकानांत पाणी तपासण्याचा संच मिळतो. कांचेच्या नळींत पाणी घेऊन त्यांत औषधाचे थेंब टाकावयाचे व उमटलेला रंग तक्त्याशीं ताडून पाहावयाचा, इतकें तें सोपें आहे. अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत. नायट्रेट दर लिटरास २० मिलिग्रामांच्या आंत असावें हें उत्तम.

दुसरा शत्रु उष्णता. हा प्राणी थंड डोंगरी सरोवरांतला. त्यास १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवतें. २० अंशांच्या वर तो अस्वस्थ होऊं लागतो, आणि २४ अंशांचें पाणी कांहीं दिवस टिकलें तर आजार जवळ जवळ ठरलेलाच. पाणी तापलें कीं, त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो, अमोनिया अधिक जहाल होतो, आणि जंतु व बुरशी फोफावतात. असे तिन्ही घाव एकदम बसतात. आपल्या मुंबई-पुण्याकडे उन्हाळ्यांत घरांत ठेवलेलें पाणी सहजच २५ अंशांच्या वर जातें. म्हणून पाणी थंड ठेवणारें यंत्र घेण्याची व बारमाही चालविण्याची ऐपत नसेल, तर हा प्राणी घरीं आणूंच नये, असें आम्ही पालकांस स्पष्ट सांगतों.

तिसरा शत्रु नळाच्या पाण्यांतील क्लोरीन. माणसासाठीं जंतुनाशक म्हणून घातलेला हा वायु कल्ल्यांस बाधतो, शिवाय ते उपकारी जीवाणुहि मारतो. पाणी उघड्या भांड्यांत दिवसभर ठेविलें असतां साधा क्लोरीन उडून जातो. परंतु कांहीं ठिकाणीं क्लोरामीन वापरतात, तें असें उडून जात नाहीं. त्यासाठीं क्लोरीन मारणारें औषध घालावें लागतें.

चौथी गोष्ट तळाच्या खड्यांची. खाणें ओढून घेतांना हा प्राणी तळचे खडेहि गिळतो, आणि ते आंतड्यांत अडकतात. मग तो खात नाहीं, मळ टाकीत नाहीं, तरंगूं लागतो. तळाशीं अगदीं बारीक वाळू तरी असावी, किंवा त्याच्या डोक्याहून मोठे गोटे तरी असावेत. तळ मोकळा ठेविला तरी चालेल. सुपारीएवढे रंगीत खडे दिसावयास सुंदर, पण त्याच्या जिवावर बेतणारे.

प्रथमोपचार

चिन्ह दिसतांच पहिलें काम औषध नव्हे. पहिलें काम थर्मामीटर पाहणें, दुसरें काम पाणी तपासणें. अमोनिया अथवा नायट्राइट आढळलें, तर प्राण्यास झांकण असलेल्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या टोपांत क्लोरीनरहित थंड पाण्यांत ठेवावें. नवें पाणी जुन्या पाण्याइतक्याच उष्णतेचें असावें. एकदम बर्फासारखें थंड पाणी हाहि धक्काच होय. हें पाणी दररोज संपूर्ण बदलावें. टोप अंधाऱ्या, निवांत जागीं ठेवावा. प्राणी हातानें न उचलतां लहान भांड्यानें पाण्यासकट उचलावा. इकडे टांकीचेंहि पाणी थोडें थोडें बदलून ती पूर्ववत् करावी. पुष्कळ वेळां एवढ्यानेंच कल्ले मागें वळतात व भूक परत येते.

एक उदाहरण घेऊं. समजा, सोमवारीं प्राण्यानें गांडूळ नाकारलें. बुधवारीं पुन्हां नाकारलें, आणि कल्ले पुढें वळलेले दिसले. थर्मामीटर १८ अंश दाखवितो. तेव्हां उष्णतेचा दोष नाहीं. पाणी तपासलें तों अमोनिया दर लिटरास १ मिलिग्राम निघाला. टांकी तर वर्षभर जुनी. मग अमोनिया आला कोठून? चौकशी करितां कळलें कीं, रविवारीं घरांतील कोणीं तरी फिल्टरचा स्पंज नळाखालीं धरून लख्ख धुतला होता. क्लोरीननें जीवाणूंची वस्ती उठविली, आणि टांकी पुन्हां पहिल्या दिवसावर आली. येथें औषध घालून काय होणार? उपाय हाच कीं, प्राणी टोपांत ठेवून वस्ती पुन्हां वाढूं द्यावी, आणि यापुढें स्पंज टांकींतूनच काढलेल्या पाण्यांत हलकेच पिळावा. चिन्हावरून कारणाकडे असें पायरी पायरीनें जाणें, हीच वैद्यकाची खरी रीति होय.

कल्ल्यांवर थोडी बुरशी दिसल्यास पाळणारे लोक मिठाचें स्नान देतात. निराळ्या भांड्यांत दर लिटर थंड पाण्यास दोन लहान चमचे आयोडीनरहित मीठ विरघळवून त्यांत प्राण्यास दहा मिनिटें ठेवावें व लगेच स्वच्छ पाण्यांत आणावें. हें दिवसांतून फार तर दोनदां. अधिक वेळ ठेवल्यास मीठच कल्ले भाजून काढतें. म्हणून घड्याळ समोर ठेवून जवळ बसावें. तीन-चार दिवसांत उतार न दिसला तर पशुवैद्य गांठावा. दुसऱ्या प्राण्यानें चावून पाय तोडला असेल तर पाय पुन्हां फुटेल. आपलें काम दोघांस वेगळें करणें व जखमेभोंवतीं पाणी शुद्ध राखणें एवढेंच.

जें करूं नये तें

माशांसाठीं म्हणून विकलें जाणारें औषध यास देऊं नये. याची त्वचा पाण्यांतील द्रव्यें सहज शोषून घेते. तांबें अथवा मॅलाकाइट ग्रीन असलेलीं औषधें माशास सोसलीं तरी यास मारक ठरतात. माणसाच्या गोळ्या कुटून घालूं नयेत. पोट फुगलें म्हणून तें दाबूं नये. कांहीं लोक आजारी प्राणी शीतकपाटांत ठेवतात. तें वैद्याच्या सांगण्यावांचून करूं नये. टांकी साबणानें कधींहि धुऊं नये. आणि प्राणी अथवा त्याचें पाणी हाताळल्यावर आपले हात साबणानें धुवावेत. कारण उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असतात, त्यांनीं माणसास जुलाब होतात.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कंटाळा आला, किंवा प्राणी मरणार असें वाटलें, म्हणून तो अथवा त्याचें पाणी तळ्यांत, ओढ्यांत वा विहिरींत सोडूं नये. उभयचरांस होणारी कायट्रिड नांवाची एक बुरशी आहे. शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिनें जगांत बेडकांच्या अनेक जातींचा संहार केला आहे, आणि आपल्या सह्याद्रींतील बेडकांच्या अंगावरहि ती आढळली आहे. आपल्या एका टांकीचें पाणी ओढ्याच्या साऱ्या बेडकांवर संकट आणूं शकतें. तसेंच, या प्राण्याचें नांव वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस करारांत आहे. आणि २०२२ सालीं दुरुस्त झालेल्या भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अशा प्राण्यांची सरकारांत नोंद करावी लागते, हेंहि पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

नोंदवही

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम सांगतों. ज्याच्या घरीं असा प्राणी असेल त्यानें टांकीशेजारीं एक वही ठेवावी. तींत रोज तारीख, पाण्याची उष्णता, काय खाल्लें, मळ टाकला कीं नाहीं, कल्ले व शेपटी कशी दिसली, हें दोन ओळींत लिहावें. आठवड्यांतून एकदां पाणी तपासून आंकडे मांडावेत. पशुवैद्यापुढें गेल्यावर प्राणी कांहीं सांगणार नाहीं. ती वहीच त्याच्या वतीनें बोलेल. "कालपासून बरें नाहीं" असें आपण म्हणतों, आणि वही दाखविते कीं, तो दहा दिवसांपूर्वींच कमी खाऊं लागला होता.

प्राणी पाळणें म्हणजे त्याचें सारें जग आपल्या हातीं घेणें. सोचिमिल्कोच्या प्राण्यास एक कालवा बिघडला तर दुसरा शोधतां येत असे. कांचेच्या चार भिंतींत त्यास तीहि सोय नाहीं. पाणी आपण भरतों, अन्न आपण देतों, ऊनसांवली आपण ठरवितों. म्हणून त्याचें दुखणें हें बहुधा आपल्या हातून घडलेल्या कांहीं चुकीचा निरोप असतो. तो निरोप आरडाओरड करून येत नाहीं. वळलेला एक कल्ला, नाकारलेलें एक गांडूळ, एवढाच तो असतो. रोज पांच मिनिटें लक्ष देऊन पाहणाऱ्यास तो वाचतां येतो, आणि वेळेवर वाचला तर तो जीव वांचतो.